गाडी कांजूरला थांबणार नाही

आमच्या घरात शनिवारी संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला असतो, "उद्या कुठे आहे?" नवीन माणसाला वाटतं उद्या कुणाचं लग्नबिग्न आहे. तसं काही नाही, रुळांच्या कामासाठी लोकलचा ट्रॅक बंद ठेवतात तो ब्लॉक कुठे आहे ते विचारायचं असतं. नवरा पेपर घेऊन बसतो, मी मोबाईल घेऊन, आणि दोघांतलं कुणीतरी "माटुंगा-मुलुंड" म्हणालं की मी कपाळाला हात लावते आणि सकाळचा अलार्म अर्धा तास आधीचा लावते.

आम्ही कांजूरमार्गला राहतो, वेस्टला, एलबीएस रोडपासून आत. मी दादरला एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. माझी सुटी मंगळवारी. रविवारी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण अख्खी मुंबई डोळ्यांचा नंबर काढायला रविवारच धरून बसलेली असते. म्हणजे ज्या दिवशी मला वेळेवर पोचायचंच असतं नेमका त्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक. लोकांना वाटतं रविवारी काय, सगळे घरी असतात. अहो दुकानवाले, हॉस्पिटलवाले, हॉटेलवाले, वॉचमन, क्लासची पोरं, कुणी घरी नसतं, गाड्या तेवढ्या रविवारच्या टाइमटेबलने कमी असतात.

आता हे सगळं मला सुरुवातीपासून कळत होतं असं समजू नका. जून २०२३ मध्ये नोकरी लागली तेव्हा मला ब्लॉक म्हणजे गाड्या जरा लेट एवढंच माहीत होतं. लग्नाआधी मी डोंबिवलीची, तिथे गाडी लेट का होईना थांबते. कांजूरचं तसं नाही हे पहिल्या रविवारी कळलं आणि चांगलंच कळलं.

मी सव्वाअकराला प्लॅटफॉर्मवर आले. प्लॅटफॉर्म रिकामा. मला काय आनंद, म्हटलं वा, रविवारची मजा आहे, आज विंडो सीट. बाकावर बसले, डब्यातला चिवडापण काढला थोडा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पलीकडच्या फास्टच्या, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्यांच्या ट्रॅकवरून एक गाडी धडधडत गेली, मग दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा तिच्या तोंडावरचा इंडिकेटर बघितला तर स्लो लिहिलेलं. स्लो गाडी फास्टच्या ट्रॅकवरून कशी काय जाते हा विचार करत होते तर झाडू मारणारी एक बाई जवळ येऊन म्हणाली, "ताई कुठे जायचंय? इथे चार वाजेपर्यंत काही येत नाही, ब्लॉक आहे." आणि परत झाडायला लागली. समोरच्या प्लॅटफॉर्मवर एक कुत्रा मधोमध पाय पसरून झोपलेला, त्याला माहीत होतं, मला माहीत नव्हतं.

पळत बाहेर आले, रिक्षा केली, घाटकोपरला गेले, तिथून गाडी पकडली. बारा वाजताची ड्युटी, पोचले पावणेएकला. मालक काही बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्याकडे तीन लेटमार्कला अर्धा दिवस कापतात, आणि पहिल्याच रविवारी एक गेला.

तर प्रकार असा आहे. मध्य रेल्वेवर कल्याणपर्यंत लोकलचे चार ट्रॅक, दोन स्लोचे, दोन फास्टचे. स्लोच्या ट्रॅकवर काम काढलं की स्लो गाड्या बंद करत नाहीत, त्यांना फास्टच्या ट्रॅकवर वळवतात. माटुंगा-मुलुंड ब्लॉक असेल तर स्लो गाडी मधल्या पट्ट्यात सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथे थांबते, कारण तिथे फास्टच्या ट्रॅकलाही प्लॅटफॉर्म आहे. राहिली कोण? विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर. आमच्या तिघांकडे फास्टच्या बाजूला उतरायची सोयच नाही, म्हणून गाडी समोरून जाते, हात केला तर हाताला लागेल इतक्या जवळून, आणि थांबत नाही. कांजूर स्टेशन १९६८ पासून आहे, नाहूर तर अगदी अलीकडचं. म्हणजे आम्ही नंतर पंगतीत बसलेली माणसं, वाढप आमच्यापर्यंत येता येता भांडं रिकामं.

पहिले दोन-तीन महिने मी रिक्षाने घाटकोपर करत होते. जमायचं पण परवडायचं नाही. तेव्हा रिक्षाचं मिनिमम २३ रुपये होतं (आता २६ झालं), घाटकोपर काही मिनिममच्या अंतरावर नाही, आणि एलबीएसवर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, त्यात गांधीनगरचा सिग्नल. रिक्षाचं मीटर उभ्या उभ्या पडत असतं तेव्हा त्याच्याकडे बघायचं नाही हे मी शिकले, बाहेर बघायचं.

मग विक्रोळीपर्यंतच रिक्षा करायला लागले, कारण गाडी तिथेही थांबते हे मला उशिरा लक्षात आलं. रेल्वेच्या नोटीसमध्ये लिहिलेलं असतं हो सगळं. पण ती नोटीस आपण वाचतो कशी, तर "रविवारी तिन्ही मार्गांवर मेगाब्लॉक" एवढी हेडलाइन वाचायची, अरे देवा म्हणायचं आणि पुढे जायचं. खालची भाषा अशी असते की "डाऊन धीम्या मार्गावरील सेवा माटुंगा आणि मुलुंड स्थानकांदरम्यान डाऊन जलद मार्गावर वळवण्यात येतील, पुढे मुलुंड येथे पुन्हा धीम्या मार्गावर वळवण्यात येतील". दोनदा वळवतात, तोपर्यंत आपलं डोकं वळलेलं असतं.

मला ते वाचायला आमच्या दुकानात येणाऱ्या एका काकांनी शिकवलं. रेल्वेतून रिटायर झालेले, बायफोकलची फ्रेम बदलायला आलेले, मी लेट का आले ते मालकाला सांगत होते ते त्यांनी ऐकलं. म्हणाले, "पोरी, आधी अप की डाऊन ते बघ, मग धीमा की जलद ते बघ, मग दोन टोकांची स्टेशनं बघ. आपलं स्टेशन त्या दोघांच्या मध्ये नसेल तर पेपर मिटून चहा प्यायचा." एवढं सोपं. अप म्हणजे सीएसएमटीकडे, डाऊन म्हणजे कल्याणकडे, हे मला इतकी वर्षं लोकलने फिरून उलटंच माहीत होतं, कारण नकाशात मुंबई खाली दिसते ना, मला वाटायचं खाली जाणारी ती डाऊन.

आणि अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती फार कामाची निघाली. नोटीसमध्ये दोन वेळा असतात. एक ब्लॉकची, म्हणजे समजा सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. आणि दुसरी गाड्यांची, अमुक स्टेशनवरून अमुक ते अमुक वेळेत सुटणाऱ्या गाड्या. आपल्याला दुसरी बघायची असते. सीएसएमटीहून निघालेल्या गाडीला माटुंग्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून तिकडच्या गाड्यांची वेळ ब्लॉक चालू व्हायच्या बरीच आधी चालू होते. दादरकडे जाताना मात्र ठाण्याहून सुटायची वेळ बघायची, ठाण्याहून ब्लॉकच्या जस्ट आधी सुटलेली शेवटची स्लो गाडी कांजूरला थांबून जाते. ती गाडी म्हणजे माझा रविवार. ती मिळाली तर मी दादरला वेळेच्या आधी पोचते, बाहेर फुलमार्केटच्या बाजूला चहा पिते, राजासारखी. ती गेली की मग खेळ चालू.

तर तो खेळ. कधीकधी ब्लॉक दोन्ही बाजूंना नसतो, फक्त अप स्लोला असतो. म्हणजे दादरकडे जाणाऱ्या गाड्या कांजूरला थांबणार नाहीत पण कल्याणकडे जाणाऱ्या थांबणार. अशा वेळी आम्ही कांजूरवाले काय करतो, तर दादरला जायला कल्याणच्या गाडीत बसतो. भांडुपला उतरायचं, पूल चढायचा, फास्टच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, तिथून वळवलेली स्लो पकडायची आणि परत यायचं. शाळेत द्राविडी प्राणायाम म्हणजे काय ते पाठ केलं होतं, त्याचा अर्थ मला भांडुपच्या पुलावर घामाघूम होऊन कळला. आणि गंमत म्हणजे परत येताना गाडी कांजूरवरूनच जाते. वीस मिनिटांपूर्वी जिथे उभी होते तोच बाक, तेच वजनाचं बंद पडलेलं मशीन, सगळं खिडकीतून सर्रकन मागे जातं.

पण त्या खिडकीतून एकदा जे दिसलं त्याने माझी चिडचिड जरा कमी झाली हे पण सांगायला पाहिजे. गाडी सिग्नलला कांजूरच्या जरा आधी उभी राहिली, बाजूच्या स्लो ट्रॅकवर काम चालू. भगव्या जॅकेटातली पंधरा-वीस माणसं. रुळाचा लांबलचक तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी चिमटे लावलेले, एक जण ओरडायचा आणि बाकीचे सगळे एकदम उचलून वीतभर सरकवायचे, परत खाली, परत ओरडायचा, परत वीतभर. मे महिना, दुपारचे साडेअकरा, खडी तापलेली. पुढे टॉवर वॅगनवर दोघं वर चढून तारेशी काही करत होते, एरवी त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. बाजूला एकाने ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याचे कॅन ठेवले होते. आमच्या डब्यातल्या एका बाईने खिडकीतून विचारलं, "किती वेळ अजून?" त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला, "मावशी तुमचीच गाडी जावी म्हणून करतोय," आणि सगळा डबा हसला. त्यांचं पण बरोबर आहे, मध्य रेल्वेवर दिवसाला अठराशेच्या वर लोकल फेऱ्या, पहाटे चारला चालू होतात ते रात्री एक वाजेपर्यंत, मग रुळाला हात कधी लावणार? रात्रीचे दोन-तीन तास आणि रविवारचे हे पाच. कळतं सगळं. लेटमार्क लागला की परत कळेनासं होतं.

पासचा किस्सा सांगायचा राहिला. माझा पास कांजूर ते दादर, सेकंड क्लास. भांडुप त्यात येत नाही, उलट्या बाजूला आहे. म्हणून मी प्रत्येक वेळी भांडुपचं रिटर्न काढायचे, पाच आणि पाच दहा रुपये. दहा रुपयाचं काही नाही पण तिकिटाच्या लाइनीत जो वेळ जायचा त्यात एक गाडी जायची. टीसीची भीती, दुसरं काय, आयुष्यात एकदाही विनातिकीट पकडले गेले नाही आणि भांडुपला उलट जाताना पकडले गेले तर सांगू काय, साहेब मी दादरला चाललेय? कोण विश्वास ठेवणार. हे मी सात-आठ महिने केलं. मग एकदा नोटीस शेवटपर्यंत वाचली तर शेवटी एक ओळ, गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांच्या प्रवाशांना पुढच्या-मागच्या स्टेशनवरून उलट प्रवास करायची परवानगी आहे. काकांनी पण नव्हतं सांगितलं, मीच वाचली नव्हती. आता ब्लॉकच्या दिवशी त्या नोटीसचा स्क्रीनशॉट काढून ठेवते, अजून कुणी विचारलेलं नाही पण जिवाला बरं असतं.

२०२४ चा तो मोठा ब्लॉक आठवतो का? ठाण्याचा, ६३ तासांचा. गुरुवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला चालू झाला, म्हणजे ३१ मे, आणि रविवारी २ जूनला दुपारी साडेतीनपर्यंत. ठाण्याचा पाच आणि सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायचा होता, तिथे गर्दीच्या वेळी पाय टेकवायला जागा नसते हे ज्याने ठाण्याला गाडी बदललीय त्याला सांगायला नको. त्यातच शनिवारपासून सीएसएमटीला ३६ तासांचा वेगळा ब्लॉक, तिकडे १० आणि ११ नंबरचे प्लॅटफॉर्म २४ डब्यांच्या गाडीसाठी लांब करायचे होते. तीन दिवसांत मिळून ९३० लोकल रद्द, त्यातल्या ५३४ एकट्या शनिवारी. रेल्वेने ऑफिसवाल्यांना सांगितलं, जमत असेल तर वर्क फ्रॉम होम द्या. आता चष्म्याचा नंबर घरून कसा काढणार? मालकांनी ग्रुपवर टाकलं, "ज्यांना शक्य आहे त्यांनी यावे." ह्या वाक्याचा अर्थ सगळ्या नोकरदारांना माहीत असतो.

शुक्रवारी मी गेले, ठीक गेले, गर्दी होती पण गेले. शनिवारी मात्र कांजूरला पाऊण तासात एक गाडी आली आणि तिच्या दाराला माणसं अशी लोंबकळत होती की मी एक पाऊल मागेच घेतलं. पुढची आली तीही तशीच. शेवटी एलबीएसवर आले, मिळेल ती बस पकडत आधी कुर्ला, मग सायन, मग दादर. सव्वादोन तास. पोचले तर दुकानात गिऱ्हाईक एकसुद्धा नाही! जे चष्मे घालतात तेही त्याच गाड्यांनी येतात हे आमच्या मालकांच्या डोक्यात आलं नव्हतं. तीन वाजता म्हणाले, जा आता घरी. घरी जायचं म्हणजे परत तेच सव्वादोन तास, म्हणून मी तिथेच सहापर्यंत बसून फ्रेम पुसल्या.

त्या दिवसाच्या बसच्या अनुभवावरून मला वाटलं बस तशी वाईट नाही, उशीर होतो पण बसायला मिळतं. म्हणून सप्टेंबरमध्ये एका ब्लॉकच्या रविवारी मी ठरवलं, नकोच तो भांडुपचा पूल, सरळ घरून तासभर लवकर निघू आणि बसने जाऊ. खिडकी मिळाली, कानात हेडफोन, छान चाललेलं. कुर्ला गेलं आणि पुढे बस सायनकडे आल्यावर बाजूच्या बाईला सहज विचारलं, सर्कलला किती वेळ लागेल हो? ती माझ्याकडे बघतच राहिली. "सायनचा पूल बंद आहे ना, बस तिकडे कुठे जाते आता?"

मला माहीत होतं! पेपरात वाचलेलं, दुकानात चर्चा केलेली, १ ऑगस्टपासून सायन स्टेशनच्या बाजूचा गाड्यांचा पूल बंद केला होता. १९१२ सालचा पूल, आयआयटीने तपासून धोकादायक ठरवलेला. माझ्या डोक्यात मात्र जूनमधलाच रस्ता. पूल बंद म्हणजे एलबीएसवरून ईस्टला येऊन आंबेडकर रोडला लागायचा सरळ रस्ताच बंद, दादरच्या बाजूला जायचं तर बस धारावीतून फिरून सायन हॉस्पिटलकडून बाहेर पडणार, आणि त्या रस्त्यावर सगळ्या वळवलेल्या बसेस, टेम्पो, टॅक्सी एकामागे एक. मी तिथेच वेस्टला उतरले, स्टेशनचा पादचारी पूल चढून ईस्टला आले, रस्त्याला आले, दुसरी बस बघितली. एक तास पन्नास मिनिटं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि नंतर कळलं तो पूल पाडायचं एक कारण काय, तर परळ-कुर्ल्यामध्ये पाचवी-सहावी लाइन टाकायची आहे, तिला तो पूल आड येतो. म्हणजे रुळाचं काम टाळायला मी बसमध्ये बसले आणि बस पण रुळाच्याच कामासाठी वळवलेली.

खरं तर सायन स्टेशनवर उतरून समोरची लोकल पकडायला पाहिजे होती, ती थांबत होती तिथे. हे मला दुकानात पोचल्यावर सुचलं. त्या दिवसापासून बस फक्त घाटकोपरपर्यंत, ते पण रिक्षा मिळाली नाही तरच. आता मे २०२५ पासून बसचं साध्या गाडीचं मिनिमम पाचाचं दहा झालंय, तरी रिक्षापेक्षा स्वस्तच.

माझ्याबरोबर दुकानात एक मुलगी आहे गोवंडीची. आमचं रडगाणं ऐकून ती नेहमी म्हणते तुमचं बरं आहे. हार्बर लाइनला कुर्ला-वाशी ब्लॉक असला की ११.१० ते ४.१० तिच्या स्टेशनवरून गाडीच नसते. वळवायला दुसरा ट्रॅकच नाही ना तिकडे, दोनच ट्रॅक. सीएसएमटी-कुर्ला आणि पनवेल-वाशी अशा स्पेशल गाड्या सोडतात, नवी मुंबईवाल्यांना ठाण्यावरून ट्रान्सहार्बर लाइनने जायची परवानगी असते. मधले चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, ते आपले बसने कुर्ल्याला या. ती तशीच येते, आणि माझ्या आधी पोचलेली असते. कसं काय ते विचारलं तर म्हणे, "गाडी नाहीच आहे हे नक्की असतं, त्यामुळे मी वाट बघत नाही." मी पहिलं अर्धं वर्ष फुकट वाट बघण्यातच घालवलं होतं. आता माझा नियम असा की शेवटची थांबणारी गाडी चुकली तर प्लॅटफॉर्मवर एक मिनिट थांबायचं नाही, सरळ बाहेर.

हे झालं माझं. पण स्वतःला शिकवणं सोपं, आत्याला शिकवणं अवघड.

माझी आत्या ठाकुर्लीला राहते, एकटी. वय अडुसष्ट. साधा फोन वापरते, त्यावर बोलताना पण ओरडून बोलते. गेल्या श्रावणात मुलाचा वाढदिवस रविवारी आला, मी महिनाभर आधी रजा सांगून ठेवलेली. आत्या अळूवड्या घेऊन येणार होती. सगळी तयारी केली आणि शनिवारी ब्लॉक बघायला नेमकी विसरले, कारण मला स्वतःला कुठे जायचं नव्हतं! रविवारी अकरा वाजता लक्षात आलं तेव्हा ती गाडीत होती. फोन लावला.

"आत्या, कुठे आलीस?"

"मुलुंड आत्ता सुटलं. बसायला मिळालं हो, खिडकी."

"हे बघ, भांडुपला उतर. गाडी कांजूरला थांबणार नाही."

"असं कसं थांबणार नाही? स्लो गाडी आहे ही, मी दोघांना विचारून बसलेय."

"स्लोच आहे, पण आज फास्टवरून चाललीय."

"मग फास्ट आहे का स्लो आहे?"

ह्याचं उत्तर काय द्यायचं सांगा. मी समजावतेय, तिकडे भांडुप आलं, बायका चढल्या-उतरल्या, आणि आत्या काही जागची हलली नाही, कारण तिच्या हिशोबाने स्लो गाडी कांजूरला थांबते म्हणजे थांबते, चाळीस वर्षं थांबतेय. मग फोनमध्ये नुसता खडखडाट आणि मग तिचा आवाज, "अगं अगं अगं, हे तुमचं स्टेशन! तो तुमचा जिना! गेलं की गं!" सगळ्या डब्याने ऐकलं असणार. मी म्हटलं आत्या घाबरू नकोस, विक्रोळीला उतर, पूल चढू नकोस, प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून राहा, हे येतायत स्कूटरवर. हे गेले, तर आत्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेली आणि शेजारच्या एका मुलाला अळूवडी देऊन त्याला विचारत होती, गाडी असं का करते. पोराने तिला सगळं समजावलेलं, अप, डाऊन, जलद, धीमा. घरी आल्यावर ती मलाच म्हणाली, "तुला नीट सांगताच येत नाही. त्या पोराने बघ दोन मिनिटांत सांगितलं." जेवताना सगळ्यांना तीन वेळा गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी गाडीचा वेग वाढत गेला.

तेव्हापासून ती पण शनिवारी पेपर बघते. खालच्या मजल्यावरच्या सरांकडून मागून आणते, वाचते आणि परत देते.

आज शनिवार. आत्ताच बघितलं, उद्या ठाणे-कल्याण आहे, अप-डाऊन दोन्ही स्लोवर. म्हणजे गाड्या मुलुंडपासून कल्याणपर्यंत फास्टवर वळणार, माझी कांजूरला थांबणार, फक्त दहा-पंधरा मिनिटं लेट. ठाकुर्लीला मात्र नाही थांबणार. आत्याला उद्या दादरला माझ्या दुकानात यायचंय, तिचा चष्मा तयार झालाय. लगेच फोन केला सांगायला.

"माहितीये," म्हणाली. "डोंबिवलीपर्यंत रिक्षाने जाणार, तिथून गाडी. तू तुझं बघ, वेळेवर पोच."